माळ न घालता

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात मटण सोडणे ही नवलाची गोष्ट नाही. दर आषाढी-कार्तिकीला कोणी ना कोणी पंढरपुराहून तुळशीची माळ घालून येतो आणि त्या दिवसापासून घरात त्याची भांडी वेगळी होतात. कोणाला डॉक्टरांनी बजावलेले असते, कोणी नवस बोललेला असतो, आणि श्रावण तर बहुतेक घरे पाळतातच. या सगळ्या वाटा गावाच्या ओळखीच्या आहेत आणि त्या वाटेने जाणाऱ्याचा गाव मानही राखतो. मात्र त्यांतल्या प्रत्येक वाटेवर सोडण्याचे कारण सोडणाऱ्याच्या स्वतःपाशी असते: त्याचे पुण्य, त्याचे दुखणे किंवा त्याने दिलेला शब्द. मी आधी मांस, मग अंडी आणि शेवटी दूध सोडले ते ज्याच्यापासून हे सगळे मिळते त्या जनावराच्या कारणाने, आणि हे कारण गावाला कुठे बसवावे ते कळेना. “माळ घातलीस व्हय?” हा पहिला प्रश्न असे. नाही म्हटले की “मग साखर लागली का?” आणि त्यालाही नाही म्हटले की विचारणारा थोडा थांबून “जैनाची पोरगी बघितलीस काय?” असे विचारून मोकळा होई.

त्या काळात मी गावातल्या दूध संस्थेत संकलनाच्या कामावर होतो. सकाळ-संध्याकाळ येणारे दूध मोजायचे, सँपल घ्यायचे, फॅट (स्निग्धांश) आणि डिग्री (दुधाची घनता) काढायची, पावती द्यायची आणि दर दहा दिवसांनी बिले तयार करायची, असे ते काम. घरी ऊस, थोडे सोयाबीन आणि आईच्या हाताखालच्या दोन म्हशी. रविवारी कोंबडी, जत्रेला बोकड, पाहुणा आला की जे असेल ते, हा आमच्याकडचा रिवाज होता आणि आजही घरातल्या इतरांचा तोच आहे.

विचाराला सुरुवात झाली ती चुलतभावाच्या पोल्ट्रीमुळे. त्याची शेड कराराची होती; पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची, शेड, वीज, पाणी, तूस आणि राबणे शेतकऱ्याचे, आणि बॅच निघाली की वजनावर मजुरी. साधारण चाळीस दिवसांत पक्षी दोन किलोच्या पुढे जातो आणि मग माल उचलला जातो. उचल बहुतेक रात्री होते, कारण रात्री गारवा असतो आणि अंधारात पक्षी कमी उधळतात. माणसे कमी पडली म्हणून एकदा मला बोलावले. एका हातात चार-पाच पक्ष्यांचे पाय धरायचे, दुसऱ्या हातात तितकेच, आणि उलटे लोंबकळत ते गाडीपाशी नेऊन क्रेटमध्ये घालायचे. बसून बसून त्यांच्या छातीची पिसे झडली होती आणि खालची कातडी लाल झाली होती. काहींचे पाय दोन्ही बाजूंना फाकले होते, कारण मांस ज्या वेगाने चढवले जाते त्या वेगाने हाडे तयार होत नाहीत. पण माझ्या लक्षात राहिला तो त्यांचा आवाज. दोन किलोचा पांढरा पक्षी कोंबडीसारखा ओरडत नव्हता, तो चिवचिव करत होता. सहा आठवड्यांचा पक्षी वयाने पिल्लूच असतो, आणि संपूर्ण शेड त्या रात्री पिल्लांच्या आवाजाने भरली होती.

तेवढ्यावरून कोणी मांस सोडत नाही आणि मीही लगेच सोडले नाही. किळस आठ दिवसांत ओसरते, आणि किळस हे नीतीचे कारणही नव्हे. मला उत्तर हवे होते ते एका साध्या प्रश्नाचे: या पक्ष्याला जे सोसावे लागते ते माझ्या कोणत्या गरजेसाठी? जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने १७८९ साली मांडले होते की प्राण्यांना विचार करता येतो का, बोलता येते का हे बघायचे नसते, त्यांना यातना होतात का एवढेच बघायचे असते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे नव्याने शिकावे लागत नाही. पायात काटा मोडलेला बैल आणि काटा मोडलेला माणूस यांत कोण जास्त विव्हळतो यावर आपण कधी वाद घातलेला नाही. आपल्या कायद्यालाही ते मान्य आहे, नाहीतर १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने कशाला केला असता? आता राहिली गरज. कृष्णेच्या पाण्यावर आमच्या भागात सोयाबीन, शेंगा, हरभरा हे सगळे पिकते. कोंबडी खाल्ली नाही तर माझे काही अडत नाही, हे मला कबूल करणे भाग होते. एवढे कबूल केल्यावर चव हीच एक गोष्ट शिल्लक उरत होती, आणि चवीसाठी ती शेड मला समर्थनीय वाटेना.

गांधीजींचे या विषयावरचे एक भाषण आहे, लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे २० नोव्हेंबर १९३१ रोजी केलेले. केवळ तब्येतीसाठी शाकाहारी झालेली माणसे बहुतांशी मागे फिरतात, कारण या गोष्टीला नैतिक पाया लागतो, असे त्यांचे त्यात म्हणणे होते. मला ते अनुभवाने पटले. तब्येतीचे कारण सांगणाऱ्याला “आजच्या दिवस खा, काय होतंय” असे म्हणता येते आणि तोही खातो. मात्र ज्याच्यापुढे ती शेड असते त्याच्या बाबतीत आजचा दिवस आणि उद्याचा दिवस असा फरक उरत नाही.

बोकडाचा प्रश्न कोंबडीपेक्षा अवघड होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण शाकाहाराचा प्रचार करणारे पुष्कळ लोक सगळे मांस एकाच तागडीत टाकतात. शेळी-मेंढी आमच्याकडे पिंजऱ्यात वाढत नाही. आटपाडी, जत, पलीकडे साताऱ्यातला माण, या भागांतले धनगर कळप घेऊन रानोमाळ हिंडतात. ते जनावर उन्हात चरते, आईमागे फिरते, माडग्याळी मेंढी तर पोटच्या पोरासारखी सांभाळली जाते. ज्या जमिनीवर बाभूळ आणि कुसळाखेरीज काही उगवत नाही, तिथे त्या कुसळाचे अन्न करण्याचा दुसरा मार्ग माणसाला अद्याप सापडलेला नाही. तिथल्या मेंढपाळाला मी कोणत्या तोंडाने उपदेश करावा? मी तो करत नाही. पण त्यांचे कारण मला लागू होत नाही, एवढेच मी स्वतःपुरते म्हणतो. पाटाच्या पाण्यावर जगणाऱ्याने माणदेशाच्या दुष्काळाचा आधार घेऊन मटणाचे ताट वाढून घेणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

जत्रेच्या बोकडाबाबत आणखी एक गोष्ट आहे. १९६०च्या त्याच कायद्यातले २८वे कलम धर्माच्या रीतीप्रमाणे केलेल्या प्राणिवधाला गुन्ह्याच्या बाहेर ठेवते, त्यामुळे देवाच्या नावाचे बोकड हा कायद्याचा विषय फारसा राहत नाही. वाईजवळच्या मांढरदेवला यात्रेच्या काळात पशुबळीवर प्रशासन बंदी घालते, पण गावोगावच्या जत्रांत बोकड पडतेच. आमच्या भावकीत बोकड वाट्याने असते. मी वर्गणी देतो, पण वाटा घेत नाही. पहिल्या वर्षी याचा अर्थ भावकीने असा लावला की मी रुसलो आहे, आणि तात्या स्वतः डबा घेऊन दारात आले. समजूत काढताना ते जे बोलले ते आमच्या भागातल्या प्रत्येक नवशाकाहाऱ्याने ऐकलेले असते: “बरं, फोडी नको खाऊस, नुसता रस्सा तरी घे.” रस्सा हा मांसाहारात धरत नाहीत, ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यापुढे कोणताही युक्तिवाद चालत नाही.

जातीचा विषय टाळून पुढे जाता येत नाही. आपल्याकडे काय खावे याची प्रतवारी जातीच्या उतरंडीवर बसवलेली आहे; मांस खाणारा खालचा, न खाणारा वरचा, आणि आजही शहरांत मांसाहारी भाडेकरूला घर नाकारण्याचे प्रकार घडतात. मी मटण सोडले तेव्हा माझ्याच एका मित्राने मला तोंडावर विचारले, की आता तू आमच्या पंक्तीला बसणार नाहीस का? त्याचा राग रास्त होता, आणि तो काढण्याचा मार्ग एकच होता. मी आजही त्याच्या शेजारी, त्याच पंक्तीत, त्याच्या ताटात मटण आणि माझ्या ताटात पिठले घेऊन जेवतो. विटाळ हा माझा मुद्दा कधीच नव्हता. ज्या शाकाहाराला शेजारच्या माणसाच्या डब्याचा वास सहन होत नाही आणि गोठ्यातल्या रेडकाची बरगडी दिसत नाही, त्या शाकाहाराशी माझे नाते जुळत नाही.

अंडी सोडण्यावर फार लिहिण्यासारखे नाही. कोंबडीचा मूळ रानटी पूर्वज वर्षाला डझन-दोन डझन अंडी घालतो, पिंजऱ्यातली लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, तीनशेच्या वर घालते, आणि एका पक्ष्याच्या वाट्याला ए-फोर कागदाहूनही कमी जागा येते. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९व्या अहवालात या पिंजऱ्यांचाच प्रश्न हाताळला होता. लेअर जातीचे नर पिल्लू अंडीही देत नाही आणि मांसासाठी परवडतही नाही, म्हणून ते उबवण केंद्रातच पहिल्या दिवशी मारले जाते. हे कळल्यावर अंडे सोडणे सोपे गेले. मला खरा अडथळा झाला तो यातून निघालेल्या पुढच्या प्रश्नाचा. नर पिल्लाचे जे, तेच नर वासराचे असले पाहिजे. आणि त्याचे उत्तर मला कोणत्याही अहवालात शोधायचे नव्हते, कारण ते उत्तर रोज सकाळी किटल्या घेऊन माझ्यासमोर रांगेत उभे राहत होते.

म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही. दहा महिन्यांहून थोडे अधिक गाभण राहायचे, व्यायचे, मग दूध द्यायचे, आटायच्या आत पुन्हा भरवून घ्यायचे, असे तिचे आयुष्य चालते, आणि प्रत्येक वेताला रेडी होण्याची शक्यता जितकी तितकीच रेडा होण्याची. संस्थेत काम करताना कोणाची म्हैस व्याली हे आम्हाला आधी कळे, कारण दुधाचे आकडे बदलत. रेडी झाली तर घरचा माणूस उत्साहाने सांगे. रेडकू, म्हणजे नर, झाले तर विचारावे लागे, आणि महिना-दीड महिन्यांनी पुन्हा विचारले तर “गेलं” एवढेच उत्तर येई. ते मारले जात नसे. त्याला दूध कमी मिळे, जंताचे औषध देण्यात दिरंगाई होई, हगवण लागली तर डॉक्टर बोलावला जात नसे. माझ्या आईने हे जितक्या सरळपणे सांगितले तितके कोणी सांगणार नाही: “आरं, रेडकाला पोसून करायचं काय? औत ट्रॅक्टरनं चाललंय.” तिच्या आवाजात निर्दयपणा नव्हता, हिशेब होता, आणि तो हिशेब मीच दर दहा दिवसांनी तिच्या हातात देत होतो.

माझ्या कामातली एक तांत्रिक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. दुधाचा भाव फॅटवर ठरतो, आणि एकाच धारेत सुरुवातीच्या दुधात फॅट कमी तर अखेरच्या दुधात सर्वांत जास्त असते. पान्हा फुटावा म्हणून रेडकाला आधी थोडे लुचू द्यायचे आणि पान्हा उतरला की ओढून दावणीला बांधायचे, ही आपली पद्धत. म्हणजे रेडकाला मिळते ते पातळ, आणि शेवटचे दाट दूध किटलीत जाते. एक सड वासराचा, असा जुन्या माणसांचा दंडक होता. आमच्या भागातल्या जैन शेतकऱ्यांत तो अजूनही बोलला जातो. शेजारच्या गावचे एक वयस्क जैन गृहस्थ संस्थेत येत, कंदमूळसुद्धा न खाणारे, त्यांनीही मला हेच सांगितले की वासराचा वाटा ठेवून घेतलेले दूध निर्दोष असते. मला ते तत्त्व म्हणून मान्य होते. पण त्यांच्या पावतीवरची फॅट मीच काढत होतो, आणि सड सोडलेल्या म्हशीची फॅट तेवढी लागत नसते. मी ते त्यांना बोललो नाही, आणि त्यांना ते ठाऊक नसेल असेही मला वाटत नाही. ज्या दिवशी फॅटवर पैसे मिळू लागले त्या दिवशी तो दंडक व्यवहारातून निघाला, त्याला कोणा एकाचा लोभ जबाबदार नाही.

खरवसाचेही तसेच. गाई-म्हशींत रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात असताना वासराला मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि त्याचे आतडे ती पहिल्या दिवसभरातच नीट शोषू शकते. चीक शेजारीपाजारी वाटणे हा आमच्याकडे शुभ रिवाज आहे, आणि रेडी असेल तर तिला भरपूर पाजून मगच वाटतात. रेडा असेल तर वाटण्याची घाई असते. रेडकू मेल्यावर म्हैस पान्हा चोरते, तेव्हा काही गोठ्यांत ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचून तो उतरवला जातो.

गाईंची गोष्ट कायद्यामुळे वेगळ्या अंगाने जाते. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गोहत्येला बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा मात्र बाहेर आहेत. त्यामुळे भाकड म्हैस बाजारात विकली जाते, आणि भारतातून परदेशी जाणारे मांस बव्हंशी याच वाटेने येते. एचएफ किंवा जर्सी या विदेशी जातींचा गोऱ्हा शेतकऱ्याला विकताही येत नाही आणि औतालाही चालत नाही, म्हणून तो रात्री कुठेतरी सोडला जातो. तोच खिल्लारचा खोंड असला तर त्याला बदाम-अंडी चारतात, कारण मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा कायदा ग्राह्य धरल्यापासून त्याची किंमत कुठल्या कुठे गेली आहे. नराचे जगणे अखेर त्याच्या उपयोगावर ठरते, मग कायदा कोणताही असो. मटण सोडून दूध चालू ठेवणारा माणूस या साखळीच्या बाहेर पडत नाही, तो तिचे फक्त एक टोक बघायचे थांबवतो. इथवर आल्यावर मला दूध सोडणे टाळता येण्यासारखे नव्हते.

गांधीजीही इथे येऊन गेलेले आहेत. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. त्यामागे ब्रह्मचर्याचा विचार होता, आणि गाई-म्हशींचे दूध काढण्यासाठी कलकत्त्याकडे केल्या जाणाऱ्या फुंक्याच्या, म्हणजे जनावराच्या योनीत हवा फुंकून पान्हा उतरवण्याच्या, क्रूर प्रकाराची त्यांना कळलेली हकिगतही होती. हा फुंका १९६०च्या कायद्याच्या १२व्या कलमाने गुन्हा ठरवलेला आहे. पुढे मोठ्या आजारपणात कस्तुरबांच्या आग्रहावरून ते शेळीच्या दुधावर आले आणि शब्द पाळला पण त्यातला भाव मोडला, अशी खंत त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली. त्यांच्या काळात दूध सोडलेल्या माणसाला डॉक्टरांपाशी काही उत्तर नव्हते. बी-१२ हे जीवनसत्त्व १९४८ साली सापडले. १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी इंग्लंडमध्ये व्हीगन, म्हणजे मांसासोबत दूध-अंडीही वर्ज्य करणाऱ्यांचे, मंडळ काढले तेही या शोधाच्या आधीच. आपण त्यांच्यापेक्षा फार सोप्या काळात आहोत, हे ध्यानात ठेवले तर फुशारकी आपोआप कमी होते.

मी मिरजेला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्या कारणांची चौकशी केली नाही, रक्त तपासले आणि सांगितले की बी-१२ हे जीवाणूच तयार करतात, वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही, तेव्हा गोळी जन्मभर घ्यायची आणि त्यात टंगळमंगळ करायची नाही, कारण कमतरतेने मज्जातंतूंना इजा होते आणि ती दरवेळी भरून येतेच असे नाही. जे लोक हा मुद्दा झाकून ठेवून व्हीगनपणाचा पुरस्कार करतात त्यांचा मला राग येतो. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ, लोहासाठी हुलगा आणि त्यावर लिंबू, प्रथिनांसाठी सोयाबीन, शेंगा, डाळी. यांतले काहीच बाहेरून आणावे लागत नाही. आमच्या भागाचे जेवण मुळात तेलावर आणि कुटावर चालणारे आहे. झुणका-भाकरी, येसर आमटी, हुलग्याचे माडगे, खर्डा, भडंग यांत दुधाचा थेंब नसतो. दह्याची सोय शेंगदाण्यांनी केली: दाणे रात्रभर भिजवून वाटायचे, गाळून उकळायचे, कोमट असताना त्यात हिरव्या मिरचीचे देठ टाकून झाकून ठेवायचे. सकाळी दही लागलेले असते. त्याची कढी बरी होते. नुसते खायला मात्र मला अजून आवडत नाही.

चहा हे खरे प्रकरण होते. दूध वर्ज्य करून वर्ष काढता येते, पण आमच्याकडे एक दिवस चहा नाकारून काढता येत नाही. मी म्हणे, “वहिनी, मला कोरा द्या,” आणि त्या घरातली बाई कानकोंडी होई, कारण कोरा चहा म्हणजे घरात दुभते नसल्याची खूण. पाहुण्यापुढे तो ठेवणे हा घराचा कमीपणा समजतात. पुष्कळ ठिकाणी माझ्यासाठी मुद्दाम दाट दुधाचा चहा करून आणला गेला आणि तो समोर ठेवून सगळे माझ्याकडे बघत राहिले. अखेर मी कारण सांगणे बंद केले आणि “मला गवती चहा आणि आलं घालून काढा लागतो” असे म्हणू लागलो. काढा म्हटले की ते औषध ठरते आणि कोणाचा मान जात नाही. तत्त्वाला हे थोडे लबाडीचे आहे, पण त्या वहिनींना लाज आणून जनावरांचे काही भले होणार नव्हते.

सत्यनारायणाच्या शिऱ्याला मी हात लावून नमस्कार करतो आणि केळे घेतो. मधाबद्दल माझे मत अजून पक्के नाही; महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, तिथल्या पेट्यांची पद्धत बघितल्यावर गोठ्याशी तिची तुलना करणे मला जमत नाही, तरी मी मध घेत नाही. चामड्याची पायताणे जुनी आहेत ती झिजेपर्यंत वापरणार आहे.

सगळ्यांत चांगला आक्षेप घेतला तो तासगावच्या मामांनी. त्यांची द्राक्षबाग आहे. ते म्हणाले, “आमच्या बागेत छाटणीपासून माल निघेपर्यंत जेवढी औषधं मारतो, त्यात किती जीव मरत्यात मोजलंस का? तुझ्या उसाला तोडीआधी पेटवतात, त्यात घुशी, सापसुरळ्या, टिटवीची पिल्लं जळत्यात. मग दूध सोडून काय मिळवलंस?” याला सफाईदार उत्तर नाही. जगायचे म्हटले की जीव मरणारच, आणि माझ्या ताटातली भाकरीही त्यातून सुटलेली नाही. मी त्यांना एवढेच म्हणालो की म्हशीला आणि कोंबडीलाही आपण शेतातलेच चारतो, आणि ती जेवढे खाते त्यातले थोडेच आपल्या ताटात परत येते. तेव्हा फवारणीत मरणाऱ्या जीवांचा हिशेब मांस-दुधाच्या खात्यावर वजा होत नाही, उलट तिथे तो वाढतो. शिवाय ऊस पेटवण्याची सक्ती नाही. आमचा फड आम्ही आता न पेटवता तोडतो, त्यासाठी टोळीला जास्त पैसे मोजतो आणि पाचट रानातच कुजवतो. मामांनी हे मान्य केले, पण द्राक्षाची फवारणी तशीच आहे आणि दर हिवाळ्यात माझ्यासाठी पेटी येते. ती मी खातो.

संस्थेतले काम मी नंतर सोडले आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेबाला लागलो. आईच्या म्हशी आहेत तिथेच आहेत. दुधाचे बिल हा तिच्या स्वतःच्या हातात येणारा एकमेव पैसा आहे. त्यातून तिने बहिणीचे शिक्षण केले, आणि माझ्या तत्त्वासाठी तिने तो सोडावा असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्या म्हशींना मी वैरण टाकतो, धार काढत नाही. रेडकू झाले तर ते पोटभर पिईल एवढे मात्र आम्ही दोघांत ठरवून घेतले आहे. त्याचा खर्च माझा. मागचे रेडकू जगले, आणि आता ते दोन वर्षांचे होऊन रोज पाटीभर वैरण खाते, यावरून थोरल्या भावाची माझ्याशी जी बोलाचाली होते ती अजून मिटलेली नाही.

आईच्या नावावर संस्थेचा शेअर आहे. तिच्या वतीने मी दोन वर्षांमागे सप्टेंबरच्या वार्षिक सभेत एक ठराव ठेवला, की सभासदांच्या म्हशी भरवताना लिंगनिश्चित रेतमात्रा वापरावी आणि त्याचा वाढीव खर्च संस्थेने अर्धा उचलावा. या मात्रेने साधारण दहातली नऊ वासरे मादी होतात, म्हणजे उपाशी मरण्यासाठी जन्माला येणारी रेडकेच कमी होतात. पुण्यातल्या एका व्हीगन ओळखीच्याने यावर मला चांगलेच सुनावले. त्याच्या मते मी गोठा बंद करायचे सोडून तो अधिक किफायतशीर करून देत होतो. त्याचे म्हणणे तर्काला धरून आहे. पण गावातला गोठा माझ्या सांगण्याने बंद होणार नाही, आणि पुढच्या वेतात दावणीला उपाशी बांधले जाणारे रेडकू मात्र माझ्या ठरावाने टळू शकते, म्हणून मी ठराव मागे घेतला नाही. सभेत तो मंजूर झाला तो अर्थात दुसऱ्याच कारणाने: रेड्या वाढल्या तर दूध वाढेल. चेअरमननी फक्त पहिल्या वेताच्या म्हशींपुरता खर्च मान्य केला आहे, आणि तो सगळ्या म्हशींना लागू करावा यासाठी मी येत्या सभेचा अर्ज देऊन ठेवला आहे.